स्वीपमधला हरवलेला ट्रिगर: एक प्रकरण अभ्यास

एका एलईडीला दिलेला करंट आणि तिचा प्रकाश यांचा आलेख काढताना करंट वाढवत नेतानाची रेषा आणि कमी करत आणतानाची रेषा सगळीकडे एकमेकींवर बसत होत्या, फक्त २.६ ते ३ मिलिअँपिअरच्या दरम्यान त्या फाकत आणि पुन्हा जुळत. आलेखावर तीन-चार बिंदूंचा छोटासा फुगा दिसे. तो दर वेळी त्याच जागी येई, एलईडी बदलली तरी येई, आणि याच सातत्यामुळे आम्ही त्याला दोष न मानता एलईडीचा गुणधर्म मानू लागलो होतो. एका सहकाऱ्याने तर त्याला ‘हिस्टेरिसिस’ (जातानाची आणि येतानाची वाट वेगळी असणे) असे नावही देऊन टाकले होते. प्रत्यक्षात एलईडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. उपकरणांच्या वेळेच्या आणि ट्रिगरच्या, म्हणजे मोजणी सुरू करायला सांगणाऱ्या संकेताच्या, मांडणीत दोन वेगवेगळ्या चुका होत्या, आणि बहुतेक पट्ट्यात त्या एकमेकींना झाकून टाकत होत्या.

मांडणी

सोर्स-मेजर युनिट, ज्याला रोजच्या बोलण्यात सगळे एसएमयूच म्हणतात, एलईडीला १ पासून २१ मिलिअँपिअरपर्यंत ०.२ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी करंट देत होते आणि प्रत्येक पायरीवर एलईडीवरचे व्होल्टेज स्वतःच मोजत होते. एका स्वीपमध्ये, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या एका फेरीत, १०१ बिंदू होते. एलईडीसमोर फोटोडायोड, त्यामागे १ मेगोहमचा फीडबॅक रेझिस्टर असलेला ॲम्प्लिफायर आणि ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला साडेसहा अंकी मल्टिमीटर अशी पुढची साखळी होती. या पट्ट्यात दर मिलिअँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट आउटपुट मिळे, म्हणजे एका पायरीला ८० मिलिव्होल्ट. गोंगाट कमी व्हावा म्हणून फीडबॅक रेझिस्टरला समांतर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावलेला होता. त्यामुळे ॲम्प्लिफायरचा कालस्थिरांक, म्हणजे आउटपुट नव्या मूल्याकडे किती संथ जाते याचे माप, १० मिलिसेकंद झाला होता. हा आकडा मांडणीच्या कागदावर लिहिलेला होता, पण स्वीपची वेळ ठरवणाऱ्याने तो कागद पाहिला नव्हता.

एसएमयूचा सोर्स डिले, म्हणजे करंट बदलल्यावर मोजणीआधी थांबण्याचा वेळ, १ मिलिसेकंद होता आणि त्याची स्वतःची मोजणी वीजपुरवठ्याच्या एका आवर्तनाइतकी, म्हणजे ५० हर्ट्झला २० मिलिसेकंद चाले. आतल्या कामाचे दोनेक मिलिसेकंद धरले तर एका पायरीला २३ मिलिसेकंद लागत. एसएमयूच्या ट्रिगर आउटमधून मल्टिमीटरच्या बाह्य ट्रिगरला एक केबल गेलेली होती. करंट बदलताक्षणी पल्स निघावी अशी एसएमयूची मांडणी होती. मल्टिमीटरची मोजणीही एका आवर्तनाची होती, त्याचा आपोआप धरला जाणारा ट्रिगर डिले दीड मिलिसेकंद होता, ऑटोझिरो (दर मोजणीसोबत स्वतःचे शून्य तपासणे) बंद होते आणि ऑटोरेंज (मोजमापाची रेंज आपोआप निवडणे) चालू होते. मल्टिमीटरकडून एसएमयूकडे परत येणारी केबल मात्र नव्हती. एसएमयू आपल्या चालीने पुढे जाई आणि मल्टिमीटर साडेएकवीस मिलिसेकंदांत आपले काम आटोपून तेवीस मिलिसेकंदांनी येणाऱ्या पुढच्या पल्सची वाट पाही. हिशेब कागदावर बसत होता, फक्त दीड मिलिसेकंदाच्या सवडीवर.

वाढत्या आणि उतरत्या करंटचे दोन स्वतंत्र स्वीप घेतले जात. प्रत्येकाच्या आधी पहिल्या पायरीवर एक सेकंद थांबून एक फुकट रीडिंग घेण्याची खबरदारी स्क्रिप्टमध्ये होती, त्यामुळे सुरुवातीच्या बिंदूंवर शंका घेण्याचे कारण नव्हते.

दोन खुणा, ज्या समोर असून दिसल्या नाहीत

पहिली खूण उताराच्या आलेखात होती. प्रकाशाचे करंटनुसार अवकलन केले की वाढत्या स्वीपमध्ये ३.२ मिलिअँपिअरला एकच टोकदार उंचवटा येई आणि तिथला उतार शेजारच्या उताराच्या दुपटीच्या आसपास असे. उतरत्या स्वीपमध्ये तसाच उंचवटा २.४ ला येई. पदार्थाच्या भौतिक गुणधर्मातून आलेला बदल एका पायरीत सुरू होऊन त्याच पायरीत संपत नाही, आणि नेमका दुपटीच्या घरात तर क्वचितच बसतो. उतार दुप्पट झाला याचा सरळ अर्थ एवढाच की दोन लागोपाठच्या नोंदींमध्ये एकाऐवजी दोन पायऱ्यांचे अंतर पडले आहे, म्हणजे मोजमापाचा नव्हे तर मोजदादीचा प्रश्न आहे. हे लक्षात यायला हवे होते.

दुसरी खूण त्याहून ठळक होती. प्रत्येक फायलीत शेवटची दोन रीडिंग्ज शेवटच्या अंकापर्यंत तंतोतंत सारखी होती. साडेसहा अंकी मल्टिमीटरचे शेवटचे एक-दोन अंक गोंगाटाने सतत हलत असतात; लागोपाठची दोन रीडिंग्ज अशी जुळी येणे जवळजवळ अशक्य. स्क्रिप्ट उघडल्यावर कारण सापडले. कोणीतरी कधीतरी १०१ वे रीडिंग न आल्याने टाइमआउट होत असल्याचे पाहून तो टाइमआउट गिळून टाकणारी आणि रिकाम्या जागी आधीचेच मूल्य भरणारी चार ओळींची सोय केली होती. शंभरच रीडिंग्ज येत आहेत ही सर्वांत महत्त्वाची बातमी त्या चार ओळींनी अडवून धरली होती. अशा सोयी करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, संध्याकाळी घरी जायचे असते. तरीही या प्रकरणात सर्वाधिक दिवस याच ओळींनी खाल्ले असे माझे मत आहे.

रेझिस्टर लावून पाहिले

एलईडी, फोटोडायोड आणि ॲम्प्लिफायर काढून त्यांच्या जागी १०० ओहमचे चार रेझिस्टर एकसर जोडले. ४०० ओहमवर १ मिलिअँपिअरला ०.४ व्होल्ट आणि २१ ला ८.४ व्होल्ट, म्हणजे मल्टिमीटरच्या दृष्टीने सगळे पूर्वीसारखेच. फरक इतकाच की रेझिस्टरला स्मरण नसते आणि ॲम्प्लिफायरचा संथपणाही आता वाटेत नव्हता.

निकाल चक्रावून टाकणारा निघाला. ज्या २.६ ते ३ मिलिअँपिअरच्या पट्ट्यात फुगा होता, तिथे आता दोन्ही रेषा काटेकोर जुळल्या; आणि जिथे आधी जुळत होत्या, तिथे वाढती रेषा उतरत्या रेषेपेक्षा ८० मिलिव्होल्टने वर राहिली. दोष जणू उलटा झाला होता. या निकालाने आमचा एक दिवस आणखी गेला, कारण हा वेगळाच काहीतरी नवा बिघाड आहे असे वाटून आम्ही केबली बदलत बसलो. पण एक गोष्ट त्याने कायमची निकालात काढली: साधा रेझिस्टर वर जाताना एक आणि खाली येताना दुसरे उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे एलईडी निर्दोष होती.

मग वाढत्या स्वीपमधले आकडे आम्ही एकेक करून अपेक्षित मूल्यांशेजारी लिहिले. ३ मिलिअँपिअरपर्यंत फरक शून्य. ३.२ ला १.२८० व्होल्ट यायला हवेत, आले १.३८४, फरक १०४ मिलिव्होल्ट. ३.४ ला फरक ९८, ३.६ ला ९२, ३.८ ला ८६, आणि ४ ला ८०. तिथून पुढे शेवटपर्यंत ८० कायम. दर बिंदूला नेमके सहा मिलिव्होल्ट कमी होणारी ही उतरंड म्हणजे या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा ठरला. मल्टिमीटर २० मिलिसेकंदांच्या खिडकीत सरासरी काढतो आणि एक पायरी ८० मिलिव्होल्टची आहे, तेव्हा सहा मिलिव्होल्ट म्हणजे खिडकीतला दीड मिलिसेकंद. मल्टिमीटर एकदा मागे पडला होता आणि दर पायरीला मिळणारी दीड मिलिसेकंदाची सवड वापरून हळूहळू पुन्हा वेळेवर येत होता. वेळेवर आला, पण क्रमांक मात्र एकाने चुकलेलाच राहिला.

ऑसिलोस्कोपने दाखवलेले

ट्रिगर आउट एका चॅनेलवर आणि मल्टिमीटरचा ‘मोजणी पूर्ण’ हा संकेत दुसऱ्या चॅनेलवर घेतला. सव्वादोन सेकंदांचा पूर्ण स्वीप एका पडद्यावर बसवला तेव्हा ट्रिगर आउटची एकही पल्स दिसेना, आणि क्षणभर केबलच तुटली आहे असे वाटले. कारण साधे होते. स्कोप दहा हजार नमुन्यांत अडीच सेकंद साठवत होता, म्हणजे दोन नमुन्यांत २५० मायक्रोसेकंदांचे अंतर, आणि पल्स होती जेमतेम १० मायक्रोसेकंदांची. पीक डिटेक्ट, म्हणजे दोन नमुन्यांमधली टोकेही टिपण्याची सोय, चालू केल्यावर सगळ्या पल्स उभ्या राहिल्या. ट्रिगर पल्स शोधताना ही सोय आधी चालू करावी, नाहीतर नसलेला बिघाड दुरुस्त करण्यात वेळ जातो.

मोजून पाहिल्यावर ट्रिगर आउटच्या १०१ पल्स होत्या आणि मोजणी पूर्ण झाल्याच्या १००. हरवलेली जागा डोळ्यांनीच दिसत होती. ३.२ मिलिअँपिअरच्या पायरीवर मल्टिमीटर साडेएकवीसऐवजी ५२ मिलिसेकंद व्यग्र होता.

ऑटोरेंजचा नियम अनेक मल्टिमीटरांत असा असतो की रीडिंग रेंजच्या १२० टक्क्यांवर गेले की वरची रेंज घ्यायची आणि १० टक्क्यांखाली आले की खालची. वर जाताना १ व्होल्टची रेंज १.२ व्होल्टपर्यंत पुरते, म्हणून ३.२ मिलिअँपिअरवर ती सुटते. खाली येताना १० व्होल्टची रेंज १ व्होल्टच्या खाली गेल्यावरच सुटते, म्हणून २.४ वर. रेंज बदलण्याच्या जागा दोन दिशांना मुद्दामच वेगळ्या ठेवलेल्या असतात, नाहीतर सीमेवरचे रीडिंग सारखे इकडून तिकडे उड्या मारील. म्हणजे हिस्टेरिसिस खरोखरच होता, पण तो मल्टिमीटरच्या रेंज-निवडीत होता.

रेंज बदलताना पहिली मोजणी वाया जाते, आतली जोडणी बदलते आणि मोजणी पुन्हा होते. या ५२ मिलिसेकंदांत दोन पल्स आल्या, २३ व्या आणि ४६ व्या मिलिसेकंदाला. आमच्यासारखे काही मल्टिमीटर व्यग्र असताना आलेला एक ट्रिगर राखून ठेवतात आणि हातातले रीडिंग संपल्यावर तो वापरतात. त्याबद्दल ते कोणतीही चूक नोंदवत नाहीत. पहिली पल्स अशी राखीव राहिली. दुसरीला जागाच नव्हती, ती गेली. चुकांची रांग वाचून पाहिली तर ती रिकामी होती. हा राखीव ट्रिगर सोयीचा असला तरी फसवा आहे, कारण त्यातून येणारे रीडिंग कुठल्या क्षणाचे आहे हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

मग एलईडीच्या वेळी रेषा जुळत का होत्या

याचे उत्तर ॲम्प्लिफायरच्या १० मिलिसेकंदांत आहे. करंट बदलल्यावर दीड मिलिसेकंदाने मोजणी सुरू होते तेव्हा आउटपुट नव्या मूल्याकडे निघालेले असते, पोहोचलेले नसते. २० मिलिसेकंदांच्या खिडकीवर ही उणीव सरासरीने काढली आणि आधीच्या पायऱ्यांचा उरलेला अंश धरला, तर प्रत्येक रीडिंग पायरीच्या सुमारे ४१ टक्के, म्हणजे ३३ मिलिव्होल्ट मागे राहते. वर जाताना ते कमी दिसते, खाली येताना जास्त. याउलट हरवलेल्या ट्रिगरमुळे नोंद एक पायरी पुढची होते: वर जाताना ८० मिलिव्होल्ट जास्त, खाली येताना ८० कमी.

दोन्ही एकत्र केले की ३.२ मिलिअँपिअरच्या वर वाढत्या रेषेची चूक अधिक ४७ मिलिव्होल्ट आणि उतरत्या रेषेची अधिक ३३, २.४ आणि त्याखाली अनुक्रमे उणे ३३ आणि उणे ४७. दोन्हीकडे फरक फक्त १४ मिलिव्होल्ट, आणि आठ व्होल्टच्या आलेखावर तो रेषेच्या जाडीतच लपतो. मधल्या पट्ट्यात मात्र कोणत्याही स्वीपचा ट्रिगर अजून हरवलेला नसतो, तिथे नुसता संथपणा उघडा पडतो: उणे ३३ विरुद्ध अधिक ३३, म्हणजे ६६ मिलिव्होल्टचा फुगा. आम्ही ज्या तीन बिंदूंना दोष देत होतो, तिथे एकच चूक होती. बाकीच्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव बिंदूंपैकी बहुतेकांत दोन होत्या, आणि ते आम्हाला बरोबर वाटत होते.

दुरुस्ती

सर्वांत आधी मल्टिमीटर १० व्होल्टच्या स्थिर रेंजवर ठेवला. साडेसहा अंकांना त्या रेंजवर १० मायक्रोव्होल्ट दिसतात, आणि सर्वांत लहान रीडिंग ०.४ व्होल्टचे असताना त्याहून बारीक काही पाहायचेच नव्हते. स्वीप घेताना ऑटोरेंज चालू ठेवण्याचा मोह टाळावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. ज्याला दहापटीच्या अनेक टप्प्यांचा पट्टा मोजायचा आहे, त्याने स्वीपचेच तुकडे करून प्रत्येकाला आपली रेंज द्यावी.

स्थिरावण्याच्या वेळेसाठी हिशेब असा केला: ८० मिलिव्होल्टच्या पायरीतून ०.१ मिलिव्होल्टपेक्षा कमी उणीव उरायला हवी, म्हणजे ८०० चा नैसर्गिक लॉगरिदम, सुमारे ६.७ कालस्थिरांक, ६७ मिलिसेकंद. आम्ही ७० ठेवले. हा डिले ठेवायच्या दोन जागा होत्या: एसएमयूचा सोर्स डिले किंवा मल्टिमीटरचा ट्रिगर डिले. तो एसएमयूमध्ये ठेवला आणि ट्रिगर आउटची पल्स करंट बदलताक्षणी न निघता डिले संपल्यावर निघेल अशी मांडणी केली. त्यामुळे एसएमयूची व्होल्टेजची मोजणी आणि मल्टिमीटरची प्रकाशाची मोजणी एकाच क्षणी सुरू होऊ लागली. हाच डिले मल्टिमीटरमध्ये ठेवला असता तर एसएमयूने एलईडीचे व्होल्टेज एका क्षणी आणि मल्टिमीटरने तिचा प्रकाश सत्तर मिलिसेकंदांनी मोजला असता.

त्यानंतर परतीची केबल जोडली. मल्टिमीटरच्या ‘मोजणी पूर्ण’ संकेतावाचून एसएमयूने पुढची पायरी घ्यायचीच नाही. इथे दोन खड्डे आहेत आणि आम्ही दोन्हींत पडलो. पहिला असा की एसएमयू पहिल्या पायरीआधीच परतीच्या पल्सची वाट पाहत बसते, मल्टिमीटर एसएमयूच्या पल्सची वाट पाहतो, आणि दोघेही ‘आधी आप’ करत उभे राहतात. पहिल्या फेरीपुरती ही वाट वगळण्याची सोय एसएमयूच्या ट्रिगर मॉडेलमध्ये, म्हणजे ट्रिगर कधी घ्यायचा आणि कधी द्यायचा याच्या मांडणीत, असते. ती चालू केली. दुसरा खड्डा खोल होता. एसएमयूची मोजणी २० मिलिसेकंदांची आणि मल्टिमीटरची साडेएकवीसची. एसएमयू स्वतःचे रीडिंग साठवण्यात गुंतलेले असतानाच परतीची पल्स येऊन गेली तर एसएमयूला ती दिसत नाही आणि स्वीप मध्येच थिजतो. साधारण दहा स्वीपमागे एकदा तसे होई. मल्टिमीटरची मोजणी दोन आवर्तनांची, म्हणजे ४० मिलिसेकंदांची केल्यावर शर्यतच उरली नाही. एसएमयूची मोजणी अर्ध्या आवर्तनावर आणूनही वेळ साधली असती, पण पूर्ण आवर्तन सोडले की वीजपुरवठ्याची गुणगुण रीडिंगमध्ये शिरते.

उरलेले काम सुरुवातीच्या क्रमाचे होते. एससीपीआय ही संगणकावरून मोजमापाच्या उपकरणांना आज्ञा देण्याची प्रमाणित आज्ञावली १९९० मध्ये आली तेव्हापासून तिच्यात उपकरण निष्क्रिय अवस्थेतून बाहेर काढणे आणि त्याने ट्रिगरची वाट पाहणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मल्टिमीटर आधी सुरू करायचा, तो खरोखर वाट पाहू लागला आहे याची खात्री करायची, आणि मगच एसएमयूला सुरुवात द्यायची. पूर्वीची स्क्रिप्ट दोन्ही आज्ञा लागोपाठ पाठवून नशिबावर सोडत असे. उपकरण काय करत आहे ते सांगणाऱ्या ऑपरेशन स्टेटस रजिस्टरमधला, शून्यापासून मोजता, पाचवा बिट, ज्याचे मूल्य ३२, ट्रिगरची वाट पाहणे दाखवतो. आता स्क्रिप्ट तो वाचल्याशिवाय पुढे जात नाही. इथे ‘काम पूर्ण झाले का’ हा नेहमीचा प्रश्न मल्टिमीटरला विचारून चालत नाही, कारण ट्रिगर येईपर्यंत काम पूर्ण होणार नाही आणि उत्तराची वाट पाहणारी स्क्रिप्ट एसएमयूपर्यंत पोहोचणारच नाही. मल्टिमीटरवर ट्रिगरची संख्या १०१ आणि दर ट्रिगरला नमुना एक, हे आधीपासून बरोबर होते. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर पहिल्याच पल्सवर मीटर स्वतःच्या चालीने १०१ रीडिंग्ज घेऊन मोकळा होतो. टाइमआउट गिळणाऱ्या चार ओळी काढून टाकल्या. रीडिंग्जची संख्या १०१ नसेल तर फाइल लिहिलीच जात नाही.

दुरुस्तीनंतर

रेझिस्टरवर दोन्ही दिशांचा फरक काही दशक मायक्रोव्होल्टवर आला. एलईडीवर फुगा नाहीसा झाला. पण एका पायरीला आता सुमारे ११४ मिलिसेकंद लागू लागले आणि सव्वादोन सेकंदांचा स्वीप साडेअकरा सेकंदांचा झाला. त्यातून नवाच फरक वर आला: उतरत्या रेषेतला प्रकाश वरच्या टोकाजवळ वाढत्या रेषेपेक्षा दोन-तीन मिलिव्होल्टने कमी. एलईडी तापली की तिचा प्रकाश घटतो आणि जास्त करंटवर जास्त वेळ राहिल्याने ती तापत होती. हा फरक मात्र खरा होता.

मग १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरकडे पुन्हा पाहिले. तो ॲम्प्लिफायरची बँडविड्थ १६ हर्ट्झवर आणत होता, तर गोंगाटाची सरासरी काढण्याचे काम मल्टिमीटर ४० मिलिसेकंदांच्या मोजणीत आधीच करत होता. त्याच्या जागी १ नॅनोफॅरड लावल्यावर कालस्थिरांक १ मिलिसेकंद झाला, सोर्स डिले ७० वरून १० मिलिसेकंदांवर आला आणि स्वीप साडेपाच सेकंदांत संपू लागला. रीडिंगमधला गोंगाट वाढल्याचे आम्हाला जाणवले नाही. तापण्याचा फरक निम्म्याहून थोडा खाली आला. तो पूर्ण घालवायचा तर पल्स स्वीप, म्हणजे दर पायरीला करंट थोडाच वेळ देऊन मधे बंद ठेवणारा स्वीप, घ्यावा लागेल, आणि त्यासाठी पल्सची रुंदी मल्टिमीटरच्या ४० मिलिसेकंदांशी जुळवण्याचा हिशेब नव्याने मांडायला घेतला आहे.